हवेचं वर्णन

ते इंग्रजी पुस्तक आमच्या घरी आलं तेव्हा त्याची सुरुवातीची पानं गेलेली होती. त्यामुळे त्याचं नाव काय आणि ते कुणी लिहिलं हे आम्हाला कधी कळलं नाही. महाबळेश्वरचा कुणी साहेब विलायतेला परत जाताना बंगल्यातलं सामान देऊन गेला, त्यात पुस्तकांची एक पेटी होती. ती साताऱ्याच्या एका शाळेत आली. माझे यजमान त्या शाळेत इंग्रजी शिकवत. चांगली पुस्तकं शाळेच्या कपाटात गेली. एक बिनपुठ्ठ्याचं, कोपऱ्यात वाळवीने खाल्लेलं पुस्तक उरलं, ते यांनी घरी आणलं.

लढाईचे दिवस होते. रॉकेल मोजकं मिळे, म्हणून घरात एकच कंदील लागे. आम्ही एका वाण्याच्या दुकानावरच्या माडीत भाड्याने राहत होतो. दोन खोल्या, आणि रस्त्याकडे एक खिडकी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे. त्या कराडजवळच्या गावाहून मुलाचं बिऱ्हाड मांडून द्यायला म्हणून आल्या होत्या आणि मग राहिल्याच. हे त्यांच्या घरातले पहिले शिकलेले. थोरले भाऊ ऊस आणि बैलं बघत.

नवराबायकोने वडीलधाऱ्यांसमोर एकमेकांशी बोलत बसणं आमच्याकडे चालत नसे. कामापुरतं बोलायचं, तेही तिसऱ्या माणसाच्या तोंडून. "आई, पाणी तापलं का विचार," असं हे म्हणत, आणि मी तिथेच चुलीपुढे बसलेली असे. मग आत्याबाई मला विचारत, मी त्यांना सांगे, आणि त्या यांना सांगत. यात कुणाला काही चमत्कारिक वाटत नसे. मलाही नाही. लग्नाला तीन वर्षं होत आली होती आणि यांच्या तोंडचं सरळ मला उद्देशून आलेलं वाक्य मी बोटांवर मोजू शकले असते.

त्या पुस्तकाने एक वाट काढून दिली. दिवे लागल्यावर, जेवणाआधी, हे कंदिलापाशी बसून आईला गोष्ट सांगायला लागले. कंदील एकच, तेव्हा मीही भाजी निवडायला तिथेच बसे. हे पुस्तक समोर धरत आणि तोंडाने एकदम मराठी बोलत. मध्ये अडत नसत. वर्गात सवय झालेली असणार.

गोष्ट अशी होती. एक अनाथ मुलगी उत्तरेकडच्या समुद्रकाठी, उजाड माळावरच्या एका दगडी घरात येते. त्या घरातले जुने कागद नीट लावून द्यायचं काम तिला मिळालेलं असतं. घराचा मालक अबोल आहे. अर्ध्याहून जास्त घर कुलपात आहे. आवारात एक पडकं, कुलूप घातलेलं देऊळ आहे, त्यातली घंटा कधीकधी आपोआप वाजते. माळ म्हणजे केवढा, हे सांगताना हे कासच्या पठाराकडे हात करत. समुद्र आत्याबाईंनी आणि मी पाहिलेला नव्हता. तो यांनीही पाहिलेला नव्हता.

"एवढं थोरलं घर, आन मानसं किती म्हनालास?" आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"मालक, एक म्हातारी कारभारीण आणि एक माळी."

"आन खोल्या?"

"चाळीस."

"मग झाडतं कोन?"

यांनी पान उलटून पाहिलं, पुस्तकात ते नव्हतं.

"कुलपात घातल्यावर भुतं न्हाई व्हनार तर काय व्हनार," आत्याबाई म्हणाल्या. "घर वापरात पायजे. निम्मं भाड्यानं द्यायचं. मालक लग्नाचा हाय का?"

"लग्न झालेलं नाही."

"वय?"

"पस्तीस."

"पस्तीस. आईबा काय करत हुते त्याचे?"

असं ते चाले. आत्याबाईंना भुताची भीती नव्हती, पण त्या पोरीची काळजी मात्र फार. ती जेवली का, तिला पांघरूण दिलं का, तिच्या खोलीला कडी आतून आहे का, हे त्या रोज विचारत. कडी आहे असं यांनी सांगितल्यावरच त्या दुसऱ्या दिवशीच्या गोष्टीला तयार झाल्या.

आता हवेबद्दल. गोष्ट रंगात आली, म्हणजे मालकाची आणि त्या मुलीची कुठे एकांतात गाठ पडली, की हे पानाकडे बघत क्षणभर थांबत आणि म्हणत, "इथं जरा हवेचं वर्णन आहे." मग आवाज खाली येई आणि हे सावकाश बोलायला लागत. गोष्ट सांगताना हे आईकडे बघत. हवेच्या वर्णनाच्या वेळी कुणाकडेच बघत नसत.

बागेतल्या विहिरीपाशी ती दोघं प्रथम नीट भेटतात, त्याच्या पुढचं मला आठवतं. यांनी सांगितलं, धुकं इतकं दाट होतं की शेजारून चालणारं माणूस दिसत नव्हतं. नुसता बांगड्यांचा आवाज येत होता. त्या आवाजावरून कळायचं की ती मागे राहिलेली नाही, आणि तेवढं कळलं की रस्ता किती उरलाय याची फिकीर राहत नव्हती.

"मडमा बांगड्या घालत्यात व्हय रं?" आत्याबाईंनी विचारलं.

"घालत असेल एखाददुसरी."

दुसऱ्या एका वेळी खिडकीतल्या दिव्याचं वर्णन आलं. माळावरून घरी येणाऱ्याला वळणावर आल्यावर खिडकीतला दिवा दिसतो. दिवा दिसला की तो चाल हळू करतो. घरात गेल्यावर नुसता उजेड असतो. दिवा दिसतो तो लांबूनच, आणि कुणीतरी आपल्यासाठी तो काचेशी आणून ठेवलाय हेही लांबूनच दिसतं. आणि एकदा एका दगडी भिंतीचं. दिवसभर ती तापते आणि ऊन गेल्यावरही कितीतरी वेळ कोमट राहते. तिच्या कडेने नुसतं चालत गेलं तरी अंगाला कळतं, हात लावावा लागत नाही.

"तितं तर सारखा पाऊस पडतोय म्हनालास," आत्याबाई म्हणाल्या. "भित्त तापली कवा?"

"एखादा दिवस उघडीप असते, आई."

"लय बगत्यात ही मानसं आभाळाकडं. काम कवा करत्यात?"

मला वाटे, इंग्रजी कादंबऱ्यांत माणसं भेटली की धुकं पडतं. त्यांची रीतच तशी असेल. मी मराठी सातवी झालेली, कादंबऱ्याही वाचलेल्या होत्या, पण त्यांत हवा अशी नव्हती. खरं सांगायचं तर मला गोष्टीपेक्षा तेच आवडायला लागलं. तरी मी ते पूर्ण कान देऊन ऐकलं असं नाही. हातात मेथीची जुडी असे, चुलीवर आमटी असे. मधूनच उठून जावं लागे. पुस्तकात छापलेलं आहे, कुठे जातंय, असं मनात असणार.

त्या मुलीला बंद देवळाची किल्ली सापडते, तिथवर गोष्ट आली होती. दुसऱ्या दिवशी यांना ताप भरला. विषमज्वर होता. एकविसाव्या दिवशी उतरेल असं डॉक्टर म्हणाले होते, आम्ही दिवस धरून बसलो होतो. सतराव्या दिवशी सगळं संपलं.

आत्याबाईंना थोरल्या दिरांनी गावी नेलं. मला माझा भाऊ सांगलीला घेऊन आला. साताऱ्याची माडी दुपारभरात रिकामी झाली. भांडी, ट्रंक, गादी हे सगळं कुठे ना कुठे गेलं. मी ते पुस्तक लुगड्यांत गुंडाळून घेतलं.

भावाच्या घरी मला काही कमी नव्हतं, हे लिहिलं पाहिजे. भावजय मायाळू होती. मला दुःख होऊ नये म्हणून त्या घरात यांचा विषय कुणी काढत नसे. मुलांना तशी ताकीद होती. मी खोलीत आले की बोलणं थांबे आणि मग दुसरंच काहीतरी सुरू होई, बाजारातल्या हळदीचं किंवा नदीच्या पाण्याचं. महिनेच्या महिने असे गेले. एक दिवस कपडे वाळत घालताना माझ्या लक्षात आलं की यांचा आवाज मला आठवत नाही. चेहरा आठवत होता, चालणं आठवत होतं. आवाज कुठे ठेवला गेला तेच कळेना. मी तशीच पिळा हातात घेऊन उभी राहिले. भावजयीने विचारलं, चक्कर आली का. मी हो म्हटलं.

तेव्हा मला हवेच्या वर्णनांची आठवण झाली. यांनी माझ्या देखत सर्वांत जास्त बोललेलं काही असेल तर ते होतं. आणि ते छापलेलं होतं, माझ्या ट्रंकेत होतं. मला फक्त इंग्रजी येत नव्हतं. ते पान सापडलं, ते धुकं, तो दिवा, की त्या शब्दांच्या मागून आवाजही येईल, असं मी धरून चालले. भावाला म्हटलं, मला इंग्रजी शिकायचं आहे. त्याला बरंच वाटलं. बहीण मॅट्रिक होईल, मास्तरीण होईल, असं त्याच्या डोळ्यांपुढे आलं असावं. मी त्याचा गैरसमज दूर केला नाही.

गावभागात एक शिक्षिका राहत. मुलींच्या शाळेत शिकवत. विश्रामबागच्या कॉलेजातून बी. ए. झालेल्या, लग्न केलेलं नाही, बोलणं खणखणीत. दुपारी चारला मी त्यांच्याकडे जाई. मांजर आणि उंदीर यांच्या धड्यापासून सुरुवात केली. दीड वर्ष मी ते करत होते. वयाची चोविशी उलटलेली बाई मोठ्याने स्पेलिंगं घोकते म्हणून भावाची मुलं हसत, मग मी नदीकडच्या पायऱ्यांवर जाऊन घोके. घरी येऊन पुस्तक उघडी, दोन ओळी लावी आणि पुन्हा मिटून ठेवी. शेवटी धीर निघेना. एके दिवशी मी पुस्तक घेऊनच बाईंकडे गेले आणि म्हटलं, मला यातली तीन ठिकाणं शोधून द्या. बाकीचं मी माझं वाचीन.

"कुठली ठिकाणं?"

"एक धुक्याचं. धुक्यात बांगड्यांचा आवाज येतो, ते."

"बांगड्यांचा?" बाईंनी चष्मा पुसला. "बरं. कुणाच्या प्रसंगात आहे?"

"विहिरीपाशी मालक भेटतो. त्याच्या लगेच पुढे."

विहीर त्यांना सापडली. त्या मनात वाचू लागल्या, ओठ हलत होते. एक पान झालं, दुसरं उलटलं.

"अहो, इथं धुकं कुठंय? इथं त्याने तिचा हात धरलाय. दीड पान झालं, सोडायला तयार नाही."

मी म्हटलं, तुमचं पान चुकलं असेल. त्या म्हणाल्या, विहीर एकच आहे. मग मी दिव्याचं ठिकाण सांगितलं. मालक परगावाहून परत येतो तो दिवस. त्यांनी तेही काढलं आणि वाचता वाचता हसायला लागल्या.

"इथं तर गाडी बरीच पुढे गेलीय. हे काही मी तुम्हाला मराठीत सांगणार नाही बाई. कोश घ्या आणि तुमचं तुम्ही बघा."

"आणि हवेचं?"

"हवेचं आहे ना. अध्यायाच्या सुरुवातीला आहे. 'सकाळी पाऊस होता म्हणून गाडीला उशीर झाला.' झालं, संपलं. तुम्हाला ही गोष्ट सांगितली कुणी?"

"यजमानांनी."

"घरात सासू?"

"शेजारीच बसलेल्या असायच्या."

बाई पुन्हा हसल्या, अगदी मोकळेपणी, आणि मग माझ्याकडे बघून थांबल्या. पुस्तक त्यांनी माझ्याकडे सरकवलं आणि समासात बोट ठेवलं. तिथे पेन्सिलीची एक बारीक फुली होती. मी ती आधी पाहिली होती. अशा फुल्या पुस्तकात जागोजाग होत्या, कठीण शब्दांवरच्या असतील असं मी समजत होते. आता पाहिलं तर हात धरला त्याच्या आदल्या ओळीशी फुली होती. दिव्याच्या ठिकाणीही, बरोबर तिथेच. हे शाळेत मधल्या सुटीत पुढचा भाग वाचून ठेवत असणार. आईसमोर सांगता येणार नाही ते कुठून सुरू होतं, याची खूण करून ठेवत असणार. मग तेवढ्या जागेत बोलायचं काय हे घरी येताना ठरत असेल, की बोलता बोलता सुचत असेल, कोण जाणे.

बाईंनी चहा केला. त्या दिवशी धडा झाला नाही.

त्यानंतर एका दुपारी मी भावाच्या घराच्या गच्चीवर पुस्तक, कोश आणि एक कोरी वही घेऊन बसले. पहिल्या फुलीपासून सुरुवात केली. प्रत्येक फुलीपुढचं छापील इंग्रजी लावायचं, प्रसंग कुठला ते ओळखायचं, आणि त्या जागी हे काय बोलले होते ते वहीत लिहायचं. आठ दिवस ते केलं. बांगड्या लिहिल्या, दिवा लिहिला, भिंत लिहिली. आणखी दोन ठिकाणं आठवली, एक वाऱ्याचं आणि एक दाराच्या उंबऱ्यावर साचलेल्या पाण्याचं, तीही अर्धीमुर्धी. बाकीच्या फुल्यांपुढे वहीत जागा सोडली. ती अजून तशीच आहे. एका फुलीच्या वेळी मी आमटी उतू जाते म्हणून उठून गेले होते, एवढंच आठवलं.

यांच्या बोलण्याला सरळ उत्तर द्यायची वेळ कधी आली नव्हती, तेव्हा उत्तर दिलं नाही याचं मी दुःख करत नाही. पण ते बोलणं माझ्याशी होतं हेच मला ठाऊक नव्हतं. ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. ते ऐकणारी माणसं दोन, त्यांतल्या एकीला वाटत होतं की विलायतेत फार पाऊस पडतो, आणि दुसरी मेथी निवडत होती.

किल्लीच्या पानाशी मी थांबले होते. तिथे खुणेसाठी वळलेली दोरी घातलेली होती, यांनी घातलेली. त्यापुढचं पान मी उलटलं ते सहज, आणि समासात फुली दिसली. पुढे आणखी एक. यांनी पुस्तक शेवटपर्यंत वाचून ठेवलं होतं. न सांगितलेल्या भागातही सगळ्या खुणा तयार होत्या.

दोन दिवसांनी मी भावाला म्हटलं, आत्याबाईंना भेटून येते. मिरजेला गाडी बदलून कराडला उतरले आणि तिथून दिरांच्या बैलगाडीत बसून गावी गेले. बियाण्यासाठी भुईमुगाच्या शेंगा फोडायचे दिवस होते. बी दुखावू नये म्हणून त्या हातानेच फोडतात. आत्याबाई पडवीत सूप घेऊन बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या. माझ्याकडे त्यांनी वर बघितलं, बाकी काही विचारायच्या आत म्हणाल्या,

"पुस्तक आनलंयस? त्या पोरीला देवळाची किल्ली घावली हुती."

मी हातपाय धुऊन त्यांच्यासमोर बसले. यांच्यासारखं मला एकदम मराठी करता येत नव्हतं. एक वाक्य वाचायचं, जुळवायचं, सांगायचं. आत्याबाई घाई करत नव्हत्या. देऊळ उघडलं. घंटेला दोर नव्हता, वरती घुबडांचं घरटं होतं आणि घुबड उडालं की घंटा हले. आत्याबाई म्हणाल्या, "मला वाटलंच हुतं." मुलगी बाहेर आली तर मालक दाराशी उभा. तिथे फुली आली आणि मी थांबले.

"का गं?"

"इथं यांनी खूण केलीय."

"कसली?"

मग मी त्यांना सगळं सांगितलं. वेळ लागला. अशा जागी पुस्तकात दोघांचं आपसातलं बोलणं आहे, ते यांना तुमच्यासमोर सांगवत नव्हतं, म्हणून हे तिथे मनाचं काहीतरी सांगत, धुक्याचं आणि भिंतीचं. ते पुस्तकातलं नव्हतं. मी खाली बघून बोलत होते. आत्याबाईंच्या हातातल्या शेंगा फुटतच होत्या.

"माज्याम्होरं कसं सांगल त्यो," त्या म्हणाल्या. आणखी थोड्या वेळाने म्हणाल्या, "मला म्हनायचं हुतं. मी गेले आसते की उठून. खाली वान्याच्या बायकूकडं जाऊन बसले आसते."

"तुम्ही नसतात तर आम्ही बसलोच नसतो, आत्याबाई."

त्यांनी सूप पाखडलं, फोलपटं एका बाजूला काढली.

"त्ये बी खरंच," त्या म्हणाल्या. "मग हितं काय सांगनार हुता?"

"ठाऊक नाही."

"काय तरी आसंलच की त्याच्या मनात."

"असेल."

त्यांनी मुठीतले दाणे टोपलीत सोडले आणि हात मांडीवर ठेवले.

"मग जरा ऱ्हा. त्याला लागायचा तेवढा येळ जाऊ दे. मग म्होरं चल."

आम्ही बसून राहिलो. गोठ्यापाशी कुणीतरी बैलांना पाणी दाखवत होतं. आत्याबाई समोरच्या भिंतीकडे बघत होत्या, मी पानाकडे. किती वेळ गेला ते त्यांनाच कळलं असेल. त्या "हं" म्हणाल्या आणि मी पान उलटलं.

पुस्तक संपायला सात फुल्या होत्या. त्या दुपारी आम्ही दोन मागे टाकल्या.